यहुदी धर्म: इतिहास, ग्रंथ आणि अर्थ लावण्याची परंपरा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुण्याच्या कॅम्पातल्या ‘लाल देवळा’वरून जाताना किंवा अलिबागच्या इस्रायल आळीत फिरताना बरोबरची मंडळी हमखास विचारतात, "हे लोक नेमके कोण? यांचा धर्म काय सांगतो?" वर्तमानपत्रात यहुद्यांचा विषय निघतो तो बहुतेक युद्धाच्या बातमीत, आणि त्यातून धर्माबद्दल काहीच हाती लागत नाही. मी जन्माने यहुदी नाही. पण या परंपरेने मला बरीच वर्षं धरून ठेवलं आहे, आणि आपल्या कोकणात ती दीर्घकाळ नांदली याचं मला फार अप्रूप वाटतं. जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. आजच्या राजकारणाचे प्रश्न यात घेतलेले नाहीत.

ज्यू, यहुदी, इस्रायली, बेने इस्रायल: नेमकं काय म्हणायचं?

याकोबाच्या बारा मुलांपैकी एकाचं नाव यहुदा. त्याच्या नावाने दक्षिणेत राज्य झालं आणि तिथले लोक यहुदी म्हणून ओळखले गेले. ‘ज्यू’ हे त्याच शब्दाचं इंग्रजीतून आलेलं रूप. मराठीत दोन्ही चालतात आणि दोन्हींत अनादर नाही. इस्रायल हे याकोबाचं दुसरं नाव, म्हणून ‘बेने इस्रायल’ म्हणजे इस्रायलची लेकरं. कोकणातला यहुदी समाज स्वतःला हेच नाव लावतो. ‘इस्रायली’ मात्र आज इस्रायल देशाचा नागरिक, मग तो यहुदी असो, मुसलमान असो, ख्रिस्ती असो की द्रूझ.

हा धर्म किती जुना? सुरुवात कुठून धरायची?

परंपरा सुरुवात धरते अब्राहामापासून. मूर्ती सोडून एकाच ईश्वरामागे घर सोडून निघालेला हा माणूस. त्याचा मुलगा इसहाक, नातू याकोब, मग इजिप्तमधली गुलामी, मोशेच्या मागून झालेली सुटका आणि सीनाय पर्वतावर मिळालेली तोरा, म्हणजे मूळ धर्मग्रंथ. इतिहासकार जरा जपून बोलतात. इजिप्तचा राजा मर्नेप्ताह याच्या इ. स. पू. १२०८ च्या सुमाराच्या शिलालेखात ‘इस्रायल’ हे नाव येतं. बायबलबाहेरचा हा सर्वांत जुना स्पष्ट उल्लेख मानतात.

पुढच्या इतिहासातली चार सालं ध्यानात ठेवली तरी बरंच उलगडतं. इ. स. पू. ७२२ मध्ये अश्शूरांनी उत्तरेचं राज्य बुडवलं. इ. स. पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नबुखद्नेस्सराने जेरुसलेमचं पहिलं मंदिर पाडलं आणि लोकांना धरून नेलं. इ. स. पू. ५३८ मध्ये इराणच्या सायरसने त्यांना परतायची मुभा दिली आणि दुसरं मंदिर उभं राहिलं. आणि इ. स. ७० मध्ये रोमनांनी तेही जाळलं. पश्चिमेची उरलेली भिंत, जिथे आज लोक चिठ्ठ्या खोचतात, ती या दुसऱ्या मंदिराच्या आवाराची. आज जगभरात यहुदी सुमारे दीड कोटी आहेत.

मंदिरच गेलं, मग धर्म टिकला कसा?

माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच.

मंदिरात बळी दिले जात, तिथे पुरोहित होते, वर्षातून तीनदा तिथली यात्रा होती. सगळी उपासना एका जागेला बांधलेली. ती जागा गेल्यावर अशा धर्मांचं सहसा काही उरत नाही. तालमूदमध्ये (पंडितांच्या चर्चांचा मोठा ग्रंथ, त्याबद्दल पुढे येईलच) एक गोष्ट येते. जेरुसलेमला रोमनांचा वेढा पडला होता आणि आतले बंडखोर कोणाला बाहेर सोडत नव्हते, मृतदेह मात्र नेता यायचा. रब्बी (म्हणजे धर्मपंडित) योहानान बेन झक्काई यांना शिष्यांनी तिरडीवर प्रेतासारखं झोपवून शहराबाहेर काढलं. ते रोमन सेनापती व्हेस्पेशियनपुढे जाऊन उभे राहिले. मागण्याची संधी मिळाली तेव्हा त्यांनी जेरुसलेम मागितलं नाही; "याव्ने आणि तिथले पंडित मला द्या" एवढंच म्हणाले. याव्ने म्हणजे किनाऱ्याजवळचं छोटं गाव. तिथे पाठशाळा उभी राहिली.

गोष्ट शब्दशः घडली का, यावर वाद आहे. पण जे घडून आलं ते याच दिशेने. बळीची जागा प्रार्थनेने घेतली, पुरोहिताची जागा शिक्षकाने, आणि घरातल्या जेवणाच्या टेबलाला वेदीचा मान आला. ग्रंथ वाचणं आणि त्यावर वाद घालणं हीच उपासना ठरली, आणि ग्रंथ काखोटीला मारून कुठेही जाता येतं.

तोरा, तनाख, ‘जुना करार’ हे एकच का?

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं: बेरेशीत, शेमोत, वायिक्रा, बमिदबार, देवारीम. मराठी बायबलात तीच उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना, अनुवाद अशी येतात. तोरा, नबीईम (संदेष्ट्यांचे ग्रंथ) आणि केतुवीम (इतर लेखन) या तिघांची आद्याक्षरं जोडून ‘तनाख’ हा शब्द झाला. यहुदी गणनेने त्यात २४ ग्रंथ आहेत.

‘जुना करार’ हे ख्रिस्ती नाव आहे, कारण त्यांच्याकडे नवाही आहे. यहुद्यांसाठी करार एकच, म्हणून त्यांच्याशी बोलताना तनाख म्हणावं. मजकूर बराचसा तोच असला तरी ग्रंथांचा क्रम वेगळा आहे.

एक गंमत म्हणजे तनाखात हिंदुस्थान येतो. एस्तेरच्या ग्रंथाच्या पहिल्याच वाक्यात इराणच्या राजाचं राज्य ‘होदूपासून कूशपर्यंत’, १२७ प्रांतांवर असल्याचं म्हटलं आहे. होदू म्हणजे आपला देश.

तोराची गुंडाळी आजही हाताने का लिहितात?

सिनेगॉगमध्ये, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनास्थळात, वाचायची तोरा छापील चालत नाही. ‘सोफेर’ म्हणजे प्रशिक्षित लेखक ती चामड्यावर, पिसाच्या लेखणीने, शाईने लिहितो. पारंपरिक मोजणीने तीत ३,०४,८०५ अक्षरं आहेत. एक अक्षर गळलं, पुसलं किंवा शेजारच्याला चिकटलं, तर दुरुस्त होईपर्यंत त्या गुंडाळीतून वाचत नाहीत. शाईला बोट लागू नये म्हणून वाचणारा चांदीची किंवा लाकडाची एक काडी धरतो. तिच्या टोकाला इवलासा हात असतो, तर्जनी पुढे केलेला. हिब्रूत तिला ‘याद’, म्हणजे हातच, म्हणतात.

जुनी झालेली गुंडाळी फेकत नाहीत. तिला माणसासारखं पुरतात. ईश्वराचं नाव असलेले कागदही आधी साठवून ठेवतात. कैरोच्या जुन्या भागातल्या बेन एझ्रा सिनेगॉगमधल्या अशाच एका खोलीतून १८९६–९७ मध्ये सॉलोमन शेख्टर यांनी हजारो तुकडे केंब्रिजला नेले. त्यांत बाराव्या शतकात मंगळूरला राहणाऱ्या अब्राहाम बेन यिजू या व्यापाऱ्याची पत्रंही सापडली.

‘तोंडी तोरा’ म्हणजे काय?

परंपरा सांगते की सीनायवर दोन तोरा मिळाल्या: एक लेखी, एक तोंडी. तोंडी कशाला, तर लेखी एकटी वाचताच येत नाही. हे मी शब्दशः म्हणतो आहे. गुंडाळीत फक्त व्यंजनं असतात, स्वरचिन्हं नसतात. "करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नकोस" या वाक्यातला ‘दूध’ हा शब्द ह-ल-ब या तीन अक्षरांचा. ‘हालाव’ वाचला तर दूध, ‘हेलेव’ वाचला तर चरबी. कागद सांगत नाही. गुरूच्या तोंडून ऐकलेलं सांगतं. तालमूदमध्ये पंडितांनी नेमका हाच शब्द चर्चेला घेतला आहे.

दुसरं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, आणि बहुतेकांना चुकीचं माहीत असतं: "डोळ्याबद्दल डोळा". हे वाक्य दाखवून यहुदी धर्म सूडाचा आहे असं लोक बेधडक म्हणतात. तालमूद विचारतं: इजा करणारा आधीच आंधळा असेल तर काय फोडणार? डोळा काढताना त्याचा जीवच गेला तर? तो तर डोळ्याबद्दल डोळा आणि प्राण असा हिशेब झाला. पानामागून पानं हा ऊहापोह चालतो, आणि निर्णय येतो की इथे अर्थ भरपाईचा. तीही पाच कलमांची: झालेलं नुकसान, वेदना, औषधपाणी, बुडालेली मजुरी आणि झालेला अपमान. अपमानाची भरपाई, दोन हजार वर्षांपूर्वी! रब्बी एलिएझर यांचं "नाही, शब्दशः डोळाच" हे मत त्याच चर्चेत नोंदवलेलं आहे. कोणी ते खोडून टाकलं नाही.

मिश्ना, गमारा, तालमूद, मिद्राश: यांत फरक काय?

तोंडी परंपरा विस्मरणात जाईल या भीतीने रब्बी यहुदा हनासी यांनी इ. स. २०० च्या सुमारास ती हिब्रूत संकलित केली. ती मिश्ना: सहा विभाग, ६३ प्रकरणं. शेती, सण, लग्न-घटस्फोट, नुकसानभरपाई, मंदिराचे विधी, शुद्धाशुद्ध असं सगळं त्यात आहे. पुढच्या पिढ्यांनी मिश्नाच्या ओळीओळीवर जी चर्चा केली ती गमारा, मुख्यतः अरामी भाषेत. मिश्ना आणि गमारा मिळून तालमूद. तालमूद दोन आहेत. जेरुसलेमचं आधी पूर्ण झालं. बाबिलोनचं नंतर, सुमारे सहाव्या शतकापर्यंत, आणि ते अधिक मोठं, अधिक प्रमाण. मिद्राश ही वेगळी जात: तोराच्या वाक्यांमधल्या रिकाम्या जागा गोष्टींनी आणि शब्दांच्या उकलीने भरणारी. लहानग्या अब्राहामाने बापाच्या दुकानातल्या मूर्ती फोडल्या ही प्रसिद्ध गोष्ट तोरात नाहीच, ती मिद्राशातली.

तालमूदचं पान एकदा तरी बघावं. मधोमध मिश्ना आणि गमाराचा ठळक अक्षरांतला रकाना. बांधणीच्या बाजूला फ्रान्समधल्या राशीची टीका, वेगळ्या वळणाच्या बारीक अक्षरांत. बाहेरच्या बाजूला तोसाफोत, म्हणजे राशीच्या नातवंडांनी आणि त्यांच्या शिष्यांनी घातलेली भर, आणि ही नातवंडं आजोबांशी सर्रास असहमत होतात. कडेला आणखी नंतरच्यांच्या टिपा. विरामचिन्हं नाहीत, स्वर नाहीत. हजार-दीड हजार वर्षांत होऊन गेलेली माणसं एका पानावर बसून एकमेकांशी बोलत असतात. मला पहिल्यांदा हे पान दिसलं तेव्हा आपल्या पोथ्यांतलं मूळ, भाष्य आणि टीका आठवली. पण इथे पंगत एकाच पानावर मांडलेली, आणि पाहुणे भांडताहेत.

ही मांडणी डॅनियल बॉम्बर्ग या ख्रिस्ती मुद्रकाने १५२०–२३ मध्ये व्हेनिसला पक्की केली. पानांचे क्रमांक आजही तेच. प्रत्येक प्रकरण दुसऱ्या पानापासून सुरू होतं, पहिलं नसतंच.

एवढं मोठं तालमूद कोणी पुरं वाचतं का?

वाचतात, आणि लाखो लोक एकाच वेळी. १९२३ मध्ये पोलंडचे रब्बी मेइर शापिरो यांनी सुचवलं की जगभरच्या यहुद्यांनी रोज एकच पान, तेही तेच पान, वाचावं. एकूण २,७११ पानं, म्हणजे साधारण साडेसात वर्षं. चालू फेरी जानेवारी २०२० मध्ये सुरू झाली. वाचन जोडीने चालतं. दोघं समोरासमोर बसून मोठमोठ्याने वाद घालतात. पाठशाळेत शांतता असेल तर काहीतरी बिनसलं आहे असं समजावं. प्रकरण संपल्यावर त्या प्रकरणालाच उद्देशून म्हणतात, "आम्ही तुझ्याकडे परत येऊ, आणि तू आमच्याकडे परत ये."

एवढी मतं, तर शेवटी निर्णय कोण देतं?

पोपसारखी एक व्यक्ती यहुदी धर्मात नाही. इ. स. च्या आगेमागे हिल्लेल आणि शम्माई यांची दोन घराणी होती, शेकडो बाबतींत परस्परविरुद्ध मतांची. तालमूद म्हणतं की दोन्ही जिवंत ईश्वराचेच शब्द, पण आचरण हिल्लेलच्या मताप्रमाणे करावं. कारण? हिल्लेलचे लोक नम्र होते; स्वतःचं मत सांगण्याआधी ते शम्माईचं मत शिकवत.

याहून धीट गोष्ट अखनाईच्या भट्टीची. एक मातीची भट्टी शुद्ध की अशुद्ध यावर रब्बी एलिएझर एकीकडे, बाकी सगळे दुसरीकडे. एलिएझर म्हणाले, "माझं खरं असेल तर हे झाड साक्ष देईल." झाड उपटून शंभर हात दूर जाऊन उभं राहिलं. बाकीचे म्हणाले, झाड म्हणजे पुरावा नव्हे. ओढा उलटा वाहिला. तोही पुरावा नव्हे. पाठशाळेच्या भिंती कलल्या. शेवटी आकाशवाणी झाली: एलिएझरचंच बरोबर आहे. तेव्हा रब्बी यहोशुआ उभे राहिले आणि तोरातलंच वाक्य म्हणाले, "ती आकाशात नाही." तोरा दिली ती माणसांना; आता बहुमताने ठरेल. तालमूद पुढे सांगतं की ते ऐकून ईश्वर हसला आणि म्हणाला, "माझ्या लेकरांनी मला हरवलं."

इथवरचा भाग लोक आवडीने सांगतात. त्यानंतरचा सहसा सांगत नाहीत. बहुमताने एलिएझर यांना बहिष्कृत केलं. ते रडले, आणि त्यांच्या दुःखाने जगावर अरिष्ट आलं. ही सगळी कथा तालमूदमध्ये आली आहे ती मुळी शब्दांनी कोणाला दुखवू नये या चर्चेत. बहुमत निर्णय देऊ शकतं, पण हरलेल्याशी ते कसं वागलं याचाही जाब तिथेच विचारला आहे.

राशी आणि रंबाम ही नावं सतत येतात. कोण हे?

राशी (१०४०–११०५) फ्रान्सच्या त्रुआ गावचे. त्यांची टीका छोटी, नेमकी, घरातलं शहाणं माणूस बाजूला बसून समजावतं तशी. पोरं तोरा शिकतात ती आजही राशीसह. नातवाचा, रब्बेनू ताम यांचा, त्यांच्याशी झालेला एक वाद घराघरांच्या दारावर दिसतो. चौकटीवर लावायच्या मेझुझाची (आत तोराच्या ओळी लिहिलेला चर्मपत्राचा कागद असलेली डबी) दिशा कोणती? राशी म्हणाले उभी, नातू म्हणाला आडवी. युरोपातल्या अश्केनाझी यहुद्यांनी ती तिरकी लावली.

रंबाम म्हणजे मोशे बेन मैमून (११३८–१२०४). कोर्दोबात जन्म, छळामुळे परागंदा, शेवटी इजिप्तमध्ये राजवैद्य. विखुरलेला सगळा यहुदी कायदा त्यांनी स्वच्छ हिब्रूत, चौदा भागांत मांडला. आधार मात्र कुठेच दिले नाहीत, म्हणून टीका झाली, आणि ती टीका त्यांच्याच ग्रंथाच्या समासात छापली गेली. त्यांचा धाकटा भाऊ दाविद जवाहिऱ्या होता. हिंदुस्थानाकडे निघालेलं त्याचं जहाज बुडालं. त्या दुःखात रंबाम वर्षभर अंथरुणाला खिळले. पुढे फ्रान्समधल्या पंडितांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी हिंदुस्थानातल्या यहुद्यांबद्दल एक ओळ लिहिली: त्यांना शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस) आणि आठव्या दिवशीची सुंता एवढंच ठाऊक आहे. ही ओळ वाचली की मला कोकण आठवतं, पण ते पुढे येईलच.

१५६५ मध्ये योसेफ कारो यांचं ‘शुल्हान आरुख’ म्हणजे ‘मांडलेलं टेबल’ छापलं गेलं. क्राकोच्या मोशे इस्सर्लेस यांनी त्यावर युरोपीय चालीरीतींची भर घातली आणि तिला नाव दिलं ‘टेबलक्लॉथ’. रोजच्या आचाराचा आधार बहुतांशी हाच.

मांस आणि दूध एकत्र का खात नाहीत?

करडू आणि आईचं दूध हे वाक्य तोरात तीनदा येतं. पंडितांनी विचारलं, तीनदा कशाला? एकदा शिजवण्याची मनाई, एकदा खाण्याची, एकदा त्यापासून फायदा घेण्याची. करडावरून सगळं गुरा-मेंढरांचं मांस आलं, पुढे कोंबडीही. कोंबडी दूध देत नाही, म्हणून रब्बी योसे यांच्या गावात कोंबडी दुधात खायचे, हेही तालमूदने नोंदवलं आहे. मांसानंतर दुधासाठी किती थांबायचं? कुठे सहा तास, जर्मनीतल्या घरांत तीन, हॉलंडमध्ये एक.

कोकणात हा प्रश्न नारळाने सोडवला. बेने इस्रायल घरात मटणाचा रस्सा नारळाच्या दुधात होतो आणि नियमही पाळला जातो. खवले आणि पोहायचे पर असलेलीच मासळी चालते. सुरमई, पापलेट ताटात येतात. कोळंबी, शिंपल्या, खेकडे येत नाहीत.

शब्बाथला नेमकं काय बंद असतं?

शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्री तारे दिसेपर्यंत. मिश्नाने ‘चाळीसला एक कमी’ अशी ३९ कामं मोजली आहेत: पेरणं, दळणं, शिवणं, लिहिणं, आग पेटवणं वगैरे. सीनायच्या वाळवंटातला पवित्र मंडप उभारताना लागलेली कामं तीच, असा त्यामागचा विचार. विजेचा दिवा त्यात कुठे बसतो, यावर विसाव्या शतकातल्या रब्बींनी भरपूर लिहिलं आहे. जीव धोक्यात असेल तर मात्र सगळे नियम बाजूला ठेवायचे. याबाबत मतभेद नाहीत.

सण चंद्राप्रमाणे की सूर्याप्रमाणे?

दोन्ही, अगदी आपल्यासारखं. महिने चांद्र, पण सण ऋतूशी जुळावेत म्हणून १९ वर्षांत सात वेळा अदार नावाचा महिना दोनदा येतो. मराठी माणसाला अधिक महिना समजावून सांगावा लागत नाही.

मुख्य सण म्हणजे रोश हशाना (नवं वर्ष), योम किप्पूर (उपवास आणि क्षमायाचना), सुक्कोत (मांडवांचा सण), इजिप्तमधल्या सुटकेचा पेसाह आणि तोरा मिळाल्याचा शावुओत. हनुक्का आणि पुरीम नंतरचे. कोकणात याच सणांना मराठी नावं होती: नव्याचा सण, दारफळणीचा सण (योम किप्पूर, त्या दिवशी दारं लावून घरात बसत), होळीचा सण (पुरीम, तो होळीच्या आसपास येतो), आणि मंदिर पडल्याच्या शोकाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण त्या वेळी वालाचं बिरडं खात. नव्या वर्षाला गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध आटवून चिकचा हलवा होतो.

काबाला म्हणजे जादूटोणा का?

नाही. तोराच्या वाचनाचे चार थर सांगतात: सरळ अर्थ, सूचित अर्थ, उलगडून काढलेला अर्थ आणि गूढ अर्थ. काबाला हा चौथा. त्याचा मुख्य ग्रंथ ‘झोहार’ तेराव्या शतकाअखेरीस स्पेनमध्ये पुढे आला. ताईत-गंडे विकणारे जे दाखवतात त्याच्याशी या अभ्यासाचा फारसा संबंध नाही.

सगळे यहुदी एकसारखे वागतात का?

नाही. ऑर्थोडॉक्स, कन्झर्व्हेटिव्ह, रिफॉर्म हे आधुनिक प्रवाह, आणि त्यांच्यातला वाद मुख्यतः जुना कायदा किती बदलता येतो याचा. अठराव्या शतकात बाल शेम तोव यांच्यापासून हसिदी भक्तिमार्ग निघाला आणि विल्ना शहराच्या गाओनांनी (गाओन म्हणजे थोर पंडित) त्याला कडाडून विरोध केला. कराईट पंथ तर तोंडी तोराच मानत नाही.

धर्म बदलून यहुदी होता येतं का?

येतं, पण सहज नाही. प्रचार नाही, उलट रब्बी आधी परावृत्त करतात. पारंपरिक कायद्याने यहुदी आईचं मूल यहुदी.

कोकणात हे लोक कधी आले, आणि ग्रंथांशिवाय त्यांचा धर्म राहिला कसा?

समाजाची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. केव्हा, यावर एकमत नाही. परंपरा दोन हजार वर्षं मागे जाते. वाचलेले लोक गावोगाव पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि गावांवरून आडनावं लावू लागले: दिवेकर, किहीमकर, पेणकर, झिराडकर. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजाऱ्यांनी नाव ठेवलं ‘शनिवार तेली’. त्यांच्याजवळ उरलं होतं एकच हिब्रू वाक्य, "शेमा इस्रायल" (‘हे इस्रायल, ऐक’). जन्माला, लग्नाला, मरणाला तेच म्हणत.

दाविद रहाबी नावाच्या यहुद्याने त्यांना ओळखलं ती कथा मासळीचीच. त्याने बायकांसमोर मिसळलेली मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची तेवढी शिजवायला घेतली आणि बाकीची बाजूला सारली. इथे मला रंबामांची ती ओळ आठवते. शब्बाथ आणि सुंता एवढंच नव्हतं तर. चुलीपाशी बायकांनी आणखीही काही जपलं होतं. तोंडी तोरा म्हणतात ती हीही असू शकते, असं मला मनापासून वाटतं.

पुढे ग्रंथ परत मिळाले. सॅम्युएल दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनच्या यहुद्यांनी शिकवायला माणसं दिली. १८७४ मध्ये पुण्यात पेसाहच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू आणि मराठीत छापली गेली. तिच्यातल्या चित्रात लुगडं नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बिनखमिराची भाकर करताना दिसतात. १८८० च्या सुमारास अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या आख्यानांची मराठी कीर्तनं सुरू झाली. पूर्वरंग, उत्तररंग, अभंगाच्या चाली, सगळं आपलंच.

मलिद्याचं ताट याच घरांत दिसतं. गोड पोहे, खोबरं, मनुका, फळं, वर गुलाबाच्या पाकळ्या. भोवती बसून एलियाहू हन्नबीची, म्हणजे एलिया संदेष्ट्याची, स्तुती गातात, मग सगळ्यांना वाटतात. नवस फेडायला, लग्नाआधी, नव्या घरात. जगात इतरत्र यहुद्यांमध्ये हा विधी असा नाही.

इस्रायलला गेल्यावर मात्र त्यांना एक जखम सोसावी लागली. तिथल्या रब्बी-मंडळाने १९६२ मध्ये त्यांच्या लग्नासाठी वंशावळीची चौकशी लावली. इतकी शतकं ज्यांनी शेमा सोडला नाही, त्यांना तुम्ही खरे का असं विचारलं गेलं. समाज रस्त्यावर उतरला, आणि १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्व बाबतींत पूर्ण यहुदी असल्याचं मान्य केलं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

गोव्याचा काही संबंध आहे का?

आहे, आणि तो दुःखाचा. १४९२ मध्ये स्पेनने यहुद्यांना हाकललं. पोर्तुगालने १४९७ मध्ये सक्तीने बाप्तिस्मा दिला. अशाच एका कुटुंबातले वैद्य गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्याला आले. मुंबई बेट काही काळ त्यांच्याकडे भाडेपट्ट्याने होतं. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्यांचा संवादग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. ते १५६८ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीला, कातारिनाला, इन्क्विझिशनने (चर्चच्या धर्मन्यायालयाने) जाळलं, आणि १५८० मध्ये ओर्तांच्या अस्थी उकरून जाळल्या.

होलोकॉस्टमध्ये ग्रंथपरंपरेचं काय झालं?

नाझींनी साठ लाख यहुदी मारले. त्यांच्याबरोबर पोलंड आणि लिथुआनियातल्या पाठशाळा, छापखाने, वाचनालयंही गेली. वॉर्सॉच्या घेट्टोत (यहुद्यांना कोंडलेल्या वस्तीत) इमॅन्युएल रिंगेलब्लूम आणि त्यांच्या साथीदारांनी रोजच्या जगण्याच्या नोंदी, निबंध, पत्रकं गोळा करून पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये पुरून ठेवली. काही १९४६ मध्ये सापडली, काही १९५० मध्ये. निर्वासित छावण्यांतल्या वाचलेल्या रब्बींनी तालमूद मागितलं. अमेरिकी लष्कराच्या मदतीने ते जर्मनीतच, हायडेलबर्गला, छापलं गेलं. मुखपृष्ठाच्या पानावर १९४८ साल आहे आणि खाली काटेरी तारांचं चित्र.

सिनेगॉग पाहायला जाता येतं का?

येतं, पण आधी विचारून जा. सुरक्षेमुळे ओळखपत्र मागतात. पुरुषांनी डोकं झाकावं, टोपी बहुधा तिथे मिळते. शुक्रवारी संध्याकाळी किंवा शनिवारी गेलात तर फोटो काढू नका, फोन बंद ठेवा. आत पूर्वीसारखी माणसं नाहीत. प्रार्थनेला लागणारे दहा प्रौढ पुरुष जमेपर्यंत कधीकधी वाट पाहावी लागते. त्या वेळात तेवा, म्हणजे मधला उंच कठडा, आणि समोरचं पडद्यामागचं तोराचं कपाट नीट बघून घ्या. एखादी आजी शेजारी असेल तर तिच्याशी मराठीतच बोला. कोणत्या गावच्या, असं विचारलंत की गप्पा सुरू होतील.